उतरंडीवरची वरची चिठ्ठी

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना ऋजुता मगदूम प्रयोगशाळेतल्या खुर्च्या उचलून भिंतीला लावून ठेवायची. सकाळची बैठक उभ्यानेच करायची असा नियम होता. खुर्ची दिसली की सन्मती चौगुले बसणार आणि सन्मती बसला की बैठक तासभर लांबणार, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. गटातल्या तिघांनी फळ्यासमोर उभं राहायचं, काल काय केलं, आज काय करणार आणि घोडं कुठे अडलंय एवढंच सांगायचं, आणि दहा मिनिटांत कामाला लागायचं. सन्मतीकडे तारा आणि विजेची कामं, ओवी हुलवानकडे संगणकाची आज्ञावली आणि ऋजुताकडे या दोघांना पळतं ठेवण्याचं काम. त्यातलं तिसरं सगळ्यात अवघड आहे, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

चौथा भिडू उभा राहत नसे, कारण त्याला पायच नव्हते. तो फळ्याखालच्या काळ्या डबीतून बोलायचा. आवाज सत्तरीतल्या माणसाचा, पानाने जडावलेला.

"चहा झाला न्हवं? मग दावा काय केलंय ते."

हा होता प्रतिग्राहक. सांगलीजवळच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प चपळ पद्धतीने करावा लागे. पूर्वी मुलं वर्षभर स्वतःला कोंडून घेत आणि शेवटी एक भलंमोठं यंत्र घेऊन बाहेर येत. ग्राहक ते बघून म्हणे, हे मी मागितलंच नव्हतं. म्हणून आता कामाचे पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे पाडले होते. एका तुकड्याला फेरी म्हणत. ग्राहकाला हवी असलेली प्रत्येक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्यांची फळ्यावर उतरंड रचायची आणि सगळ्यात निकडीची चिठ्ठी सगळ्यात वर ठेवायची. फेरी संपली की दाखवणी. जे काही झालं असेल ते ग्राहकापुढे ठेवायचं, तो म्हणेल ते ऐकायचं आणि उतरंड पुन्हा लावायची. पद्धत नामी होती. अडचण एवढीच होती की दर पंधरा दिवसांनी पोरांची खेळणी बघायला यायला कुठल्याच ग्राहकाला सवड नव्हती.

त्यावर विभागाने दोन वर्षांपूर्वी तोड काढली. मुलांनी खऱ्या ग्राहकाजवळ एक अख्खा दिवस बसायचं आणि त्याच्या परवानगीने त्याचं बोलणं, हातांच्या हालचाली, त्याचं थांबणं, वळणं, सगळं टिपून घ्यायचं. त्यावरून यंत्र त्या माणसाची एक प्रत तयार करी. ती त्याच्यासारखी बोले, त्याच्यासारखी कुरकुर करी आणि त्याच्यासारख्याच चिठ्ठ्या लिही. कुंभोजकर मॅडमनी पहिल्या तासाला वर्गाला बजावलं होतं की माणसाला काय हवंय ते माणूस सांगतोच असं नाही, आणि प्रतिग्राहक त्याच्या बोलण्यापेक्षा वागण्यावर जास्त भरवसा ठेवतो. वर्गाने ते वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.

ऋजुताच्या गटाचे ग्राहक होते मिरजेचे दस्तगीरचाचा. तंबोरे बनवायचे, पण त्यांचं खरं नाव होतं जवारीसाठी. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तुंबा म्हणतात आणि तारा ज्या हस्तिदंती रंगाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी. त्या घोडीची पाठ कानशीने केसभर इकडेतिकडे घासली की तार तिला हलकेच चाटून जाते, आणि एका सुरातून वरचे दहा-बारा बारीक सूर फुटतात. ते फुटणं म्हणजे जवारी. ती कुठे उघडते ते मोजून सांगता येत नाही, कानालाच कळावं लागतं. धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवय्ये आपले तंबोरे दस्तगीरचाचांच्या कानाच्या भरवशावर मिरजेला धाडत.

अशा माणसाने मागितलं काय, तर पंखा. "घोडी घासताना भुगा उडतोय, डोळ्यात जातोय. तेवढा वढून घेणारा पंखा द्या बेटा, बास," असं चाचा म्हणाले होते. सन्मतीचं तोंड उतरलं होतं, पण ऋजुता खूश होती. पंखा म्हणजे छोट्या चिठ्ठ्या, आणि छोट्या चिठ्ठ्या म्हणजे वेग. फेरीत किती चिठ्ठ्या झाल्या त्यावर गटाचा वेग ठरे आणि त्याचा आलेख निघे. दोन फेऱ्यांत त्यांनी चौदा चिठ्ठ्या 'झालं' या रकान्यात ढकलल्या आणि वर्गात त्यांचा गट सगळ्यात पुढे गेला. या काळात मिरजेला मात्र कोणी फिरकलं नाही. जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडायचा आणि तेवढ्याने वेग उतरायचा. शिवाय चाचा तर रोज सकाळी नऊला डबीत हजर होतेच की.

तिसऱ्या फेरीच्या गुरुवारी तिघं फळ्यासमोर आली आणि जागच्या जागी थांबली. उतरंडीच्या टोकावर एक नवी चिठ्ठी होती.

'जवारी लावताना वरचा झणकार मला ऐकू येत न्हाई. त्यो मला दुसऱ्या कुठल्या वाटेनं कळावा.'

ओवीने ती दोनदा वाचली आणि हे यंत्राचं काहीतरी बिघडलंय, असं म्हणाली. ऋजुताने डबीला विचारलं, हे चाचा कधी बोलले?

"बोललो कुठं? केलं," डबी म्हणाली. "त्या दिवशी सहा घोड्या घासल्या. सहाही येळा गाल तुंब्याला लावला. चांगला कान असणारा गाल कशाला लावंल? आन् सहाही येळा आत बघून इचारलं, कसं वाटतंय? आतनं हो आलं तवाच कानस खाली ठिवली. तुमी पंख्याचं माप घ्यायच्या नादात हुता."

सन्मतीने त्या दिवसाचं चित्रण काढून बघितलं. खरंच होतं. स्वयंपाकघराच्या दाराआडून चाचांच्या बायकोचा, जुलेखाचाचींचा, फक्त हात दिसत होता, आणि सहा वेळा "हो" ऐकू येत होतं. एकदा "अजून नाही" आलं होतं, तेव्हा चाचांनी मुकाट्याने पुन्हा कानस उचलली होती.

खरी अडचण पुढेच होती. शुक्रवारी पाच वाजता सगळ्या गटांच्या उतरंडी ग्राहकांच्या नावानिशी फाटकाजवळच्या मोठ्या पडद्यावर झळकायच्या. आणि ग्राहकाच्या प्रतीने ठेवलेली चिठ्ठी गटाला काढता येत नसे, ती फक्त खऱ्या ग्राहकालाच काढता यायची. म्हणजे उद्या संध्याकाळी अख्ख्या गावाने वाचलं असतं की दस्तगीरचाचांचा कान गेला. मग त्यांच्याकडे तंबोरा कोण पाठवणार होतं? ऋजुताने फळ्याला आणि डबीला जोडलेली पडद्याची पाटी काखोटीला मारली, वेगाचा विचार पहिल्यांदाच बाजूला ठेवला आणि तिघं मिरजेच्या बसमध्ये बसली.

चाचा ओट्यावर तुंबा मांडीत घेऊन बसले होते. त्यांना वाटलं पंखा आला. ऋजुताने कसंबसं, तीनदा माफी मागत, पाटीवर चिठ्ठी दाखवली. चाचांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि हसायला लागले. यंत्राला वेड लागलंय, असं ते म्हणाले. मग म्हणाले, बोलवा त्याला, माझ्याच आवाजात खोटं बोलतोय म्हणजे काय.

पुढची पाच मिनिटं त्या ओट्यावर दोन दस्तगीरचाचा भांडत होते. खरे चाचा म्हणत की गाल लावायची त्यांची लहानपणापासूनची सवय आहे. पाटीतले चाचा म्हणत, मग त्याच दिवशी चहाची किटली शिट्टी घालत होती तर आपण उठलो का नाही? खरे चाचा म्हणत, कामात होतो. पाटीतले म्हणत, कामात तर मीही होतो. ओवीला हसू आवरेना, तिने ओढणी तोंडाला लावली. शेवटी खऱ्या चाचांजवळचं बोलणं संपलं. त्यांनी मांडीवरच्या तुंब्यावरून हात फिरवला.

दारातून जुलेखाचाची बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्या सरळ नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मला ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांत माझ्या 'हो'शिवाय एक तरी घोडी घराबाहेर गेली का? तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मी पण बोलले नाही."

चाचांनी वर बघितलं. दोन वर्षं आपण बायकोला फसवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि इथे फसलेलं कोणीच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पोरांपासून लपवलेही नाहीत.

मग त्यांनी पाटी मागून घेतली आणि बोटाने ती चिठ्ठी पुसून टाकली. ऋजुताला हायसं वाटलं. पण चाचा पुढे म्हणाले की फळ्यावर नको, पण वस्तू मात्र करा. जमतंय का बघा.

परतीच्या बसमध्ये तिघांनी हिशेब मांडला. फळ्यावर चिठ्ठी नाही म्हणजे कामाची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे वेग शून्य. अजून तीन फेऱ्या होत्या. सन्मतीने खिडकीबाहेर बघत विचारलं, करायचं ना? आणि ऋजुताच्या तोंडून 'हो' इतक्या पटकन निघालं की तिलाच नवल वाटलं.

सकाळच्या बैठका चालूच राहिल्या, पण आता त्यात फळ्याकडे कोणी बघत नसे. त्यांचा आलेख सपाट झाला. एका फेरीत ते पहिल्या नंबरावरून शेवटच्या नंबरावर घसरले. कुंभोजकर मॅडम येऊन चौकशी करून गेल्या. ग्राहकाने फळ्यावर नको म्हणून सांगितलंय, एवढंच ऋजुता म्हणाली. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि मग शेवटच्या दाखवणीलाच बघू, असं म्हणून त्या निघून गेल्या.

कल्पना ओवीची. कानाला जे ऐकू येत नाही ते कातडीला सांगायचं. घोडीखाली एक पातळ चकती बसवायची. ती तारेतले सगळे वरचे सूर निवडून वेगळे काढणार. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पट्टा, त्यात बारा थरथरणारे ठिपके, प्रत्येक सुराला एक. खालचे सूर मनगटाशी, वरचे कोपराशी. जवारी बंद असेल तर मनगटाशीच काय ती हालचाल व्हायची, आणि जवारी उघडली की थरथर चढत चढत कोपरापर्यंत जायची. ऐकायला सोपं होतं. पण बरोबर चाललंय का, हे प्रतिग्राहकाला विचारून उपयोग नव्हता, कारण त्याला कातडी नव्हती. त्यामुळे जो गट दोन फेऱ्यांत मिरजेला एकदाही फिरकला नव्हता तो आता दिवसाआड चाचांच्या ओट्यावर दिसू लागला.

पहिला पट्टा इतका जोरात थरथरला की चाचांना गुदगुल्या झाल्या. ते हसत हसत लवंडले आणि त्यांच्या हातातली कानस उडून चाचींच्या पिठात पडली. दुसऱ्या पट्ट्यात सन्मतीने तारा उलट्या जोडल्या. चाचांनी एकदाच तार छेडली आणि सांगितलं की सूर वर चढायचा तो खाली घसरतोय. सन्मती लाजून चूर झाला आणि जुलेखाचाचींनी त्याला सांत्वन म्हणून दोन जास्तीच्या शिंगाड्याच्या पुऱ्या वाढल्या. तिसरा पट्टा नुसताच गरम व्हायचा. थंडीत बरा आहे, असं चाचा म्हणाले. चौथ्याला ठिपके आणखी जवळ आणले, पाचव्याला त्यांची ताकद कमी केली. प्रत्येक वेळी एक छोटी गोष्ट दुरुस्त करायची आणि पुढच्या खेपेला दाखवायची. चपळ पद्धत ती हीच, असं ऋजुताच्या एके दिवशी ध्यानात आलं आणि चौदा चिठ्ठ्यांची आठवण होऊन तिला स्वतःचंच हसू आलं.

सहावा पट्टा बांधला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चाचांनी तार छेडली, घोडीवर दोनदा कानस फिरवली, पुन्हा छेडली. गाल तुंब्याला लावला नाही. आणखी एकदाच, अगदी हलकी, कानस फिरवली. तार छेडली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत शहारला. ते आत वळून काही विचारणार एवढ्यात जुलेखाचाची पिठाच्या हातांनी स्वतःच दारात आल्या होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. त्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं.

ओवी रडायला लागली. सन्मती, कोणी बघत नाही असं समजून, अंगणात जाऊन एक उडी मारून आला.

शेवटच्या दाखवणीला सभागृह भरलं होतं. ऋजुताच्या गटाची पाळी आली तेव्हा पडद्यावर त्यांचा आलेख आला, दोन फेऱ्या उंच आणि पुढे सपाट. मागच्या बाकांवरून खुसखूस झाली. ऋजुताने पंखा पुढे ठेवला आणि आम्ही एवढंच नोंदवलंय, असं प्रामाणिकपणे सांगितलं. चाचांचं नाव ती कुठेच घेणार नव्हती. मार्क जातील तर जातील, हे तिघांचं बसमध्येच ठरलं होतं.

पहिल्या रांगेतून चाचा उठले. व्यासपीठावर येऊन त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. आत पट्टा होता.

"ह्या पोरांनी माझं गुपित ठेवलं," ते म्हणाले. "पन मला आता ते ठिवायचं न्हाई. माझा कान गेलाय. दोन वर्सं झाली. आता बघा."

चाचांनी सोबत आणलेल्या तंबोऱ्यावर नवी, कोरी घोडी बसवली आणि सगळ्यांसमोर जवारी लावली. ती उघडली तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत झणकार गेला, आणि ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांच्याही अंगावर काटा आला. सभेला आलेल्या एका वयस्क गायिकेने तिथल्या तिथे आपला तंबोरा त्यांच्याकडे धाडायचं कबूल केलं. मॅडमनी सपाट आलेखाकडे बोट दाखवून वर्गाला सांगितलं की या वर्षीची सगळ्यात चांगली फेरी ही आहे. मार्क किती मिळाले ते विचारू नका. सन्मती ते अजून सगळ्यांना सांगत फिरतोय.

प्रकल्प संपला की प्रतिग्राहक पुसून टाकायचा, असा नियम होता आणि तो चांगला होता. माणसाची प्रत त्याच्या माघारी कपाटात पडून राहणं बरं नव्हे. ऋजुता एकटीच प्रयोगशाळेत गेली. डबीला तिने सांगितलं की काम झालं, चाचा खूश आहेत. मग फळ्यावर एक चिठ्ठी उमटली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच उतरंडीवर काहीतरी आलं होतं.

'कानस एकदा जुलेखाच्या हातात द्यायची हाय. सूर तिचा कान वळखतो, मग घोडी तिनंच का घासू नये? कसं बोलू, समजत न्हाई.'

ऋजुता फळ्याजवळ सरकली. चाचांच्या घरात बायकांनी तुंबे रंगवायचे, कानशीला हात लावायचा नाही, अशी तीन पिढ्यांची रीत होती. चाचींनी कधी तसं मागितल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. आणि ही डबी तर फक्त चाचांवरून बनलेली होती. म्हणजे ही इच्छा चाचांची होती, की चाचांच्या वागण्यावरून यंत्राने शिवलेली? त्यांच्या स्वतःच्या तरी ती ध्यानात होती का? तिला क्षणभर भीती वाटली. एका दिवसाच्या चित्रणातून माणसाच्या तळाशी एवढा हात घालता येत असेल, तर कोणाजवळ बसताना आपण काय काय सांडत असू?

तिने चिठ्ठी कागदावर उतरवली, चौपदरी घडी घातली आणि मग डबी बंद केली. या वेळी तिने ती कोणालाच दाखवली नाही, सन्मती-ओवीलाही नाही.

चाचांनी ओट्यावर बसून कागद उलगडला. वाचला. खोटं आहे, असं ते या खेपेला म्हणाले नाहीत.

"त्यो डबा बंद केलास न्हवं?" त्यांनी विचारलं.

ऋजुताने होकारार्थी मान हलवली.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि कागद खिशात घातला. मग आत हाक मारून त्यांनी चाचींना बाहेर बोलावलं, स्वतः बाजूला सरकले आणि आपली बसायची जागा त्यांना दाखवली. कानस उचलून त्यांच्यापुढे धरली.

आता या वयात कशाला, मला कुठे जमायचं, असं चाची म्हणत राहिल्या, पण म्हणता म्हणता त्या बसल्याही होत्या आणि पदराला हात पुसूनही झाले होते. त्यांनी कानस धरली तशी कोणी पहिल्यांदा धरत नाही. चाचांनी पट्टा बांधला आणि बायकोच्या शेजारी मांडी घालून बसले. चाचींनी घोडीवर एकदा, दोनदा कानस फिरवली, फुंकर मारून भुगा उडवला आणि तार छेडली. कोपऱ्यात तो बिचारा पंखा बंदच पडून होता.

चाची नवऱ्याकडे वळल्या.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.